अनुक्रमांक नऊ

आमच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात, बंड्याचे केस आणि बंड्याचे किस्से. केस निदान झाडता येतात. किस्स्यांचं तसं नाही, एक सांगायला घेतला की मागून चार निघतात. ऑफिसात डबा उघडून मी नुसता घसा खाकरला, तरी समोरचे चटर्जीबाबू विचारतात, "आज कुत्ता या बिल्ली?"

बंड्या हा आमचा कुत्रा. म्हणजे सध्या आमचा. खरं तर तो क्वार्टरचा. आमची कंपनी सरकारी, तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. बालीगंजच्या ऑफिसर्स क्वार्टर्समधला तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट बरीच वर्षं योगायोगाने मराठी माणसांकडेच आहे. आधी इथे दातार होते. सियालदहच्या भाजीबाजारात फ्लॉवरच्या रिकाम्या पाटीत त्यांना हे पिल्लू सापडलं. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी ते नाईकनवऱ्यांना दिलं, आणि नाईकनवऱ्यांनी आम्हाला. बंड्याला मराठीशिवाय काही कळत नाही, त्यामुळे जाणारा माणूस येणारा मराठीच असावा म्हणून जिवाचं रान करतो. माझी कोलकात्याची बदली नाईकनवऱ्यांनीच घडवून आणली असा मला दाट संशय आहे.

आम्ही सगळे येऊन-जाऊन. कोलकात्यात आमच्यातला सीनियर मोस्ट मराठी माणूस म्हणजे बंड्या.

*

आम्ही आलो त्या दिवशी नाईकनवऱ्यांनी चहाबरोबर एक टाइप केलेला कागद पुढे केला. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी मागे ठेवलेल्या वस्तूंची यादी. क्रमांक, वस्तू, नग, स्थिती, शेरा, असे व्यवस्थित रकाने पाडलेले. गीझर, इन्व्हर्टर, पडद्यांचे रॉड. अनुक्रमांक आठ, "पाण्याचा फिल्टर, नग एक, गळतो." अनुक्रमांक नऊ, "बंड्या, नग एक, चालू स्थितीत." शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "डाव्या पायाचे बूट उंचावर ठेवावेत."

माझी आई आमच्याबरोबर आली होती. ती जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेली. कागद दिसला की तिचा हात आपोआप चष्म्याकडे जातो. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, नवावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे नको. फिल्टर घेऊ."

"काकू, यादी एकत्रच आहे," नाईकनवरे म्हणाले.

मी सही केली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

नाईकनवरे गेले आणि बंड्या दाराशी जाऊन बसला. धड खाईना, धड पिईना. लिफ्ट वाजली की कान उभे करायचा, मग दुसऱ्याच कुणाची पावलं निघाली की पुन्हा पाडायचा. माझी बायको मेधा दूधभात घेऊन त्याच्या पुढे बसली, लेक सानिका रडली, मी रागावून पाहिलं. बंड्याचं उत्तर एकच, दाराकडे तोंड.

चौथ्या दिवशी आईने आपली खुर्ची उचलून दाराशी नेली आणि मटार सोलायला बसली. "इथे उजेड बरा आहे," म्हणाली. आमचं दार जिन्यात उघडतं, तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो. पण आठवडाभर मेथी तिथेच निवडली गेली, लसूण तिथेच सोलला गेला.

अकराव्या दिवशी तिच्या हातून एक मटाराचा दाणा पडला. बंड्याने तो खाल्ला. आईने दुसरा पाडला. त्या रात्री आमच्याकडे मटारची उसळ व्हायची होती, ती झाली नाही.

बाराव्या दिवशी खुर्ची हॉलमध्ये परत आली आणि तिच्या मागोमाग बंड्या. "मला कुत्री आवडत नाहीत," असं आई अजूनही सांगते, त्याचं डोकं मांडीवर घेऊन.

*

सानिका आमची मुलगी, दहा वर्षांची. आमच्याशी ती इंग्रजीत बोलते आणि मैत्रिणींशी बांगलात. मराठी फक्त बंड्याशी, कारण त्याला इलाज नाही. त्यातून बंड्या वाढला कोल्हापूरच्या नाईकनवऱ्यांच्या हाताखाली. त्याला "इकडे ये" म्हटलं तर तो विचारात पडतो, "हिकडं ये की लेका" म्हटलं की धावत येतो.

मागच्या दिवाळीत पुण्याहून माझी आत्या आली. आत्याला वाकून नमस्कार करून आमच्या लेकीने स्पष्ट, खणखणीत मराठीत सांगितलं, "बस की खाली गुमान!"

आत्या बसली.

*

डॉक्टर घोष हे बंड्याचे डॉक्टर. फार प्रेमळ माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी बंड्याला इंग्रजीत बसायला सांगितलं. बंड्याने पंख्याकडे पाहिलं. मग बांगलात सांगून झालं, मग हिंदीत. बंड्या आता भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होता. आई कोपऱ्यातून म्हणाली, "बस रे." तो बसला.

डॉक्टरांनी लगेच पॅड ओढलं आणि बस, ऊठ, तोंड उघड, झालं झालं, एवढे चार शब्द बांगला लिपीत लिहून काचेखाली ठेवले. पुढच्या खेपेला आम्ही बाहेर बसलो होतो. आत एका बंगाली बाईंचा पामेरियन इंजेक्शनला भिऊन केकाटत होता, आणि डॉक्टर त्याला थोपटत म्हणत होते, "झालो झालो, झालो झालो."

पामेरियन गप्प झाला. बाईंनी आईला विचारलं, हा कुठला मंत्र.

*

बुटांचा शेरा मी गंभीरपणे घेतला नव्हता. आमचे जनरल मॅनेजर एकदा घरी चहाला आले आणि दाराशी बूट काढून आत बसले. तासाभराने निघताना पाहतात तर उजवा बूट आहे, डावा नाही. सगळं घर उलटंपालटं केलं. बंड्या गॅलरीत अंग चोरून झोपला होता, आणि इतका गाढ झोपलेला कुत्रा मी त्याआधी पाहिला नव्हता.

शेवटी साहेब माझ्या चपला घालून गेले. बूट तिसऱ्या दिवशी तुळशीच्या कुंडीमागे सापडला, साधारण अर्धा. तो मी ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळून केबिनमध्ये घेऊन गेलो. साहेबांनी पाकीट उघडून पाहिलं, बंद केलं आणि वर लिहिलं, "परत. कार्यवाही पूर्ण करण्यात यावी."

मी पाकीट घरी आणून बंड्याला दिलं. त्याने कार्यवाही पूर्ण केली.

*

समोरच्या फ्लॅटमध्ये मित्रा बौदी, म्हणजे मित्रा वहिनी, राहतात. त्यांची मांजर पुंटी. कुत्र्या-मांजराचं वैर वगैरे या दोघांना कुणी सांगितलेलं नाही. आमचं घर आईमुळे शुद्ध शाकाहारी, आणि बंड्याही शाकाहारी, असा आमचा समज. एके दिवशी आई गॅलरीत गेली तर पुंटी माशाचं डोकं तोंडात धरून कठड्यावरून येतेय, आणि बंड्या खाली ताटावर बसल्यासारखा बसलाय. किती महिने हा डबा चालू होता देव जाणे.

आई भडकली. पण त्याच सुमाराला बंड्याच्या अंगाला खाज सुटली होती, आणि डॉक्टर घोष म्हणाले, आठवड्यातून दोनदा उकडलेला मासा द्या, त्याने कातडी सुधारते.  दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बौदींना विचारलं, "मच्छी बाजार कितने बजे खुलता है?"

नाकाला पदर लावून ती बौदींबरोबर गेली. एक जुनं पातेलं वेगळं काढलं, गॅलरीत वेगळी शेगडी ठेवली आणि मान फिरवून मासा उकडू लागली. आठवड्यातून दोनदा. मेधाने एकदा मदत करू का विचारलं, तर म्हणाली, "तुला नाही जमणार. काटे काढावे लागतात."

पुढे एका रविवारी मी त्याच बाजारात कोथिंबीर घ्यायला गेलो. मासेवाला मला बौदींच्या बिल्डिंगमधला म्हणून ओळखत होता. त्याने फार मायेने विचारलं, "दादा, चुलकानि कोमेछे?" म्हणजे खाज कमी झाली का.

मला काही कळेना. मग त्याने शेजारच्या कोळंबीवाल्याला माझी ओळख करून दिली. हाच तो बौदींबरोबर येणाऱ्या मावशींचा मुलगा. बिचाऱ्याला मासा बिनमिठाचा, बिनहळदीचा, नुसता उकडून लागतो. काटेही आईच काढून देते.

घरी येऊन आईला जाब विचारला. ती म्हणाली, "एवढा चांगला मासा कुत्र्याला देते म्हटलं असतं तर त्याने दिला असता का? घरातल्या मुलासाठी पाहिजे, एवढंच म्हणाले मी. त्यात काय खोटं आहे?"

*

दातार, नाईकनवरे आणि आम्ही असा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'बंड्याचा चार्ज'. दातार आता विशाखापट्टणमला, नाईकनवरे चंदीगडला. बंड्याचे फोटो रोज जातात. नाईकनवऱ्यांना एकदा राहवलं नाही, त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. "बंड्या! हिकडं ये की लेका!"

बंड्या ताडकन उठला. फोनकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, तो थेट दाराशी गेला. आणि तिथेच बसून राहिला, संध्याकाळपर्यंत.

आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि चंदीगडला सांगितलं, "नाईकनवरे, तुम्ही माणूस चांगले आहात. पण पुन्हा असा आवाज देऊ नका. यायचं असेल तर या."  आईने खुर्ची उचलली आणि दाराशी नेली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण आमचं चौथं वर्ष चालू झालं होतं.

*

ऑर्डर आली. भोपाळ. माझ्या जागी नागपूरचे वाघमारे. फोनवर पहिला प्रश्न त्यांचाच, "ते बंड्याचं खरं आहे का? आम्ही तयार आहोत." मी हो म्हणून शब्द देऊन टाकला. भोपाळला पहिले काही महिने ट्रान्झिटच्या दोन खोल्या मिळणार होत्या, बंड्याचं वय झालेलं, आणि तो क्वार्टरचा हे तर ठरलेलंच. माझी सगळी कारणं बरोबर होती. सानिकाने ती ऐकून घेतली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं, तिन्ही भाषांत.

 मला वाटलं होतं, आई भांडेल. ती एवढंच म्हणाली, "यादी केलीस की मला दाखव. टायपिंगच्या चुका असतात तुझ्या."

मी यादी केली. गीझर, इन्व्हर्टर, पडद्यांचे रॉड. फिल्टर, नग एक, अजून गळतो. नऊवर आलो तेव्हा 'चालू स्थितीत' हे दोन शब्द टाइप करायला मला बराच वेळ लागला. कागद आईला दिला. त्याच दुपारी डॉक्टर घोषांचा फोन आला, बंड्याच्या सर्टिफिकेटवर वय काय लिहू, आणि भोपाळला थंडी किती असते. मी पॅकिंगच्या गडबडीत होतो, फोन आईकडे दिला.

*

वाघमारे रविवारी सकाळी आले, एकटेच. दाराशी बूट काढले, संत्रा बर्फीचा पुडा मेधाच्या हातात दिला आणि पिशवीतून एक नवाकोरा लाल पट्टा काढून टेबलावर ठेवला. "मिसेसनी निवडला," म्हणाले. "कुठे आहेत साहेब?"

बंड्या कुठेच दिसत नव्हता. मी वाघमाऱ्यांना घेऊन आतल्या खोलीत गेलो, तर आई तिच्या कॉटवर बसली होती. पलंगपोस सगळ्या बाजूंनी जमिनीला टेकेल असा खाली ओढलेला, आणि सानिका तिला चिकटून. आईने कपाटातून यादी काढून वाघमाऱ्यांच्या हातात दिली.

अनुक्रमांक नऊवर लाल शाईने आडवी रेघ होती. शेऱ्याच्या रकान्यात आईचं हेडक्लार्कचं वळणदार अक्षर, "सदर वस्तू गहाळ आहे. शोध घेतला, मिळून आली नाही." खाली पूर्ण सही, तारखेसह.

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. कॉटच्या खालून चामडं चावल्याचा सावकाश, समाधानी आवाज येत होता.

वाघमाऱ्यांनी शेरा दोनदा वाचला. मग मागे वळून बाहेरच्या दाराकडे पाहिलं. तिथे त्यांचा एकच बूट होता, उजवा. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि आईच्या सहीखाली लिहिलं, "समक्ष पाहणी केली. वस्तू गहाळ असल्याची खात्री पटली." आणि सही केली.

मग टेबलावरचा लाल पट्टा आणून त्यांनी आईच्या पुढ्यात ठेवला.

"काकू, हा एक जादा निघतोय. कुठे जमा करू?"

आईने चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसला.

"ठेवा इथेच," ती म्हणाली. "नोंद मी करते."