आपायची सही

सागिंदिक कझाकस्तानातल्या ताराझ शहरी एका बँकेत बुडीत कर्जांच्या वसुलीचा वकील होता. एकोणीस वर्षांत कोर्टाची पायरी तो नाइलाज झाला तरच चढला. त्याचं खरं काम फाइल चाळून वाट ठरवण्याचं. कागद भक्कम असेल तर कोर्ट, लंगडा असेल तर नोटरी. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. पण कोर्टात न्यायाधीश प्रश्न विचारतो, नोटरी कुणालाच काही विचारत नाही, आणि तिकडे त्याच्या शिक्क्यावरही वसुली होते. शिक्का मारून नोटीस धाडायची आणि दहा दिवस थांबायचं. तेवढ्यात समोरच्याने एका ओळीची हरकत दिली की शिक्का रद्द, मग बँकेला झक मारत कोर्टात जावं लागतं. नाही दिली तर बेलीफ थेट पगाराला, पेन्शनला हात घालतो.

हरकत सहसा कुणी देत नसे. हरकत म्हणजे कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. लोकांच्या या अब्रूच्या भीतीवर बँकेची निम्मी वसुली चालायची, आणि हे सागिंदिकला पक्कं ठाऊक होतं. पोटासाठी करत होता बिचारा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नौरीझच्या सणाआधी त्याच्याकडे एक फाइल आली. टायरच्या दुकानासाठी कर्ज काढून जावई रशियात पसार झालेला, आणि जामीन सासू, बाल्जान ओमिर्झाकोवा, निवृत्त शिक्षिका. सही बघून तो थबकला. बाल्जान आपायनी, तिकडे बाईंना आपायच म्हणतात, त्याला सहा वर्षं गणित शिकवलं होतं. पाचपैकी दोन गुणांखाली त्यांची सही त्याने इतक्यांदा पाहिली होती की झोपेतही ओळखली असती. टोकदार अक्षरं, शेवटी खाली ओढलेला फराटा. कागदावरची सही गोल गरगरीत होती. जावयाचा प्रताप, दुसरं काय!

कोर्टात नुसतं "ही सही तुमची का?" एवढं विचारलं असतं तरी आपाय सुटल्या असत्या. सागिंदिकने साहेबांना फक्त कागद लंगडा असल्याचं सांगितलं.

"मग मला काय विचारतोस?" साहेब म्हणाले. "आज नोकरीला लागलास का?"

फाइल नोटरीकडे गेली. बाई हिशेबाच्या पक्क्या, हरकत देतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. दोनदा त्यांना फोन लावायला घेतला, दोनदा मुलीची फी आठवली. दहा दिवस तसेच सरले.

अकराव्या दिवशी आपाय स्वतःच आल्या, रुमालात बाउरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, बांधून. तो वर्गात उभा राहायचा तसा उभा राहिला.

"बस रे बाळा. नोटिशीवर तुझं नाव वाचलं आणि जीव भांड्यात पडला. म्हटलं, दुसरा कुणी असता तर मला या वयात कोर्टात खेचलं असतं. शाळेतल्या सगळ्या बायकांना सांगितलं मी, माझ्या विद्यार्थ्याने माझी लाज राखली."

तो बसला.

"सही कधी केली ते मात्र आठवत नाही बघ. डोकं चालत नाही आता. पण तू बघितली असशीलच. माझी सही तुझ्याइतकी कोण ओळखणार?"

"बघितली, आपाय."

अर्धी पेन्शन एकदम गेली तर खायचं काय, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. त्याचा हात सवयीने खणाकडे गेला. हप्ते लहान करून देण्याचा छापील कागद त्याने पुढे सरकवला. त्याची पहिलीच ओळ होती, सर्व कर्ज मला मान्य आहे. आपायनी चष्मा लावला, न वाचता सही केली. टोकदार अक्षरं, शेवटी खाली ओढलेला फराटा.

मग त्यांनी रुमाल सोडला आणि गरम आहेत तोवर खा म्हणाल्या. त्या समोर बसून बघत होत्या, म्हणून त्याने दोन खाल्ले. कागद फाइलला लावला. आता ती फाइल खुशाल कोर्टात नेता आली असती.