कोलापच्या नावावर

कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हमधल्या आपल्या घराच्या माडीवर नारुन म्हातारा संगणकापुढे बसला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या अक्षरांची लाज वाटत होती. चौदा वर्षं खपून त्याने आणि त्याच्या बायकोने ख्मेर लिपीचा एक फॉन्ट तयार केला होता. ती कागदावर वळणं काढायची, हा ती संगणकात उतरवायचा. आपली अक्षरं शाळेच्या पुस्तकात यावीत, एवढीच तिची हौस. ती गेली त्या वर्षी त्याने फॉन्टला तिचं नाव दिलं, कोलाप, आणि देशभर फुकट वाटून टाकला.

चूक मात्र त्याची एकट्याची. देवळाच्या कमानीवर, मथळ्यात ख्मेर लोकांना गोल, नक्षीदार वळणाचं वेगळं अक्षर लागतं. ते पटकन सापडावं म्हणून शहरातल्या सगळ्याच अक्षरवाल्यांसारखं यानेही गोल अक्षर ‘ठळक’ म्हणून साध्या अक्षरांच्याच फॉन्टमध्ये घुसडलं. ठळकचं बटण दाबा, मथळा तयार!

"अहो, गोल म्हणजे ठळक नव्हे," कोलाप तेव्हाच म्हणाली होती. ऐकेल तर तो नारुन कसला.

आणि आता पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यातून रास्मेयबाईंचा फोन आला होता. "गुरुजी, चौथीच्या पुस्तकात ‘पाणी उकळून प्या’ असं आहे. त्यातलं ‘उकळून’ ठळक केलं, तर ते देवळाच्या कमानीवरून उतरून आल्यासारखं दिसतंय! आमचे साहेब पोट धरून हसले. सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर दुसरा फॉन्ट घ्यावा लागेल."

त्याने गोल अक्षर वेगळं काढलं, कोलापच्या जुन्या कागदांवरून खरं ठळक अक्षर बसवलं आणि पाठवून दिलं. तासाभरात पुन्हा फोन.

"यादीत दोन दोन कोलाप दिसताहेत हो! जुना काढला तर आमच्या जुन्या पुस्तकांचे मथळे बिघडतात. ठेवला तर नाव एकच म्हणून संगणक जुनाच उचलतो."

"मग सगळ्यांना जुना काढायला सांगा."

"कुणाकुणाला सांगू? शाळाशाळांत, कचेऱ्याकचेऱ्यांत तोच बसलाय. नाव बदला, गुरुजी. एवढंच तर आहे."

एवढंच! "‘नवा कोलाप’ चालेल का?" त्याने जवळजवळ गयावया केली.

बाई जरा घुटमळल्या. "साहेब म्हणतात, ते नावच नको. कमानीची अक्षरं म्हणून लोक हसतात त्या नावाला."

नाही म्हणावं, तर अक्षरं पुस्तकात जात नाहीत. शेवटी नावाच्या चौकटीतलं एकेक अक्षर पुसून त्याने बाईंनी सुचवलेलं ‘शालेय’ हे नाव भरलं. या खेपेला सगळं बिनबोभाट चाललं. तिने काढलेलं वळण न वळण आता मुलांच्या हातात जाणार होतं, आणि तिचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. कोलाप नावाचा फॉन्टही देशभर तसाच राहणार होता, नारुनच्या चुकीसकट, आणि लोक हसणार होते ते तिला.