बिनखड्याचं ऑपरेशन

"खडाच न्हाई, तर कापायचं काय, डॉक्टर?"

सिदाप्पांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. प्रश्न रास्त होता. मी सांगलीत पित्ताशयाची ऑपरेशनं करतो आणि निघालेले खडे बाटलीत घालून नातेवाइकांच्या हातात देतो. खडे बघितले की माणसांची खात्री पटते. काही घरांत ती बाटली शोकेसमध्ये, मुलांच्या ट्रॉफीशेजारी असते.

इथे बाटलीत घालायला काही नव्हतं. सिदाप्पांचा धाकटा भाऊ म्हाळू वॉर्डमध्ये तापात बरळत होता. माणूस जतकडचा, किडनी बदललेली. नवी किडनी शरीराला परकी वाटते. शरीराने तिच्यावर हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. राखणदारच झोपवल्यावर एरवी निमूट पडून असलेले जंतू हातपाय पसरतात. म्हाळूच्या पित्ताशयात तेच झालं होतं. खडा एकही नाही, पण पिशवी सुजून टम्म. ती पोटात फुटली असती तर किडनी गेली असती, आणि बहुधा माणूसही.

हे सगळं मी चित्र काढून सांगितलं. सिदाप्पांनी शांतपणे मान डोलावली.

"समजलं. म्हंजी खडा न्हाई."

"अहो, खडा असता तर परवडलं असतं!"

"मग गोळ्या द्या की. आमच्या भावकीत खड्याबिगर कुणाचं पोट फाडलेलं न्हाई. गावात काय सांगू?"

सही थोरल्यानं करायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. त्यामुळे ज्याचं पोट दुखत नव्हतं, त्याच्या होकारासाठी थिएटर खोळंबलं होतं. मी जाम वैतागलो होतो. दाराशी म्हाळूची बायको हौसाबाई उभी होती. दिरापुढे ती बोलत नसे, आणि मीही तिला काही विचारलं नव्हतं.

"भावजी," ती एकदम म्हणाली, "पोट त्येंचं हाय, पर आतली किडनी माजी हाय. माज्याकडं आता एकच उरलीया, ती काय मला देता यायची न्हाई. कागद हिकडं द्या."

सिदाप्पांनी पेनसुद्धा तिच्याकडे सरकवलं.

लगेच ऑपरेशन करून पिशवी काढली. ती काळी पडायला लागली होती, पण फुटली नव्हती. तपासणीत सीएमव्ही नावाचा विषाणू निघाला. हा आपल्यातल्या कितीतरी जणांच्या अंगात आयुष्यभर गुपचूप राहतो. किडनीच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, विषाणूवरची इंजेक्शनं दिली. ताप उतरला. किडनी वाचली.

पुढच्या तपासणीला सिदाप्पा गावचे दोन पेशंट सोबत घेऊन आले.

"डॉक्टर, गावात सांगितलंय, लिंबाएवढा खडा निघाला म्हनून. तुमी बी तसंच सांगा."

हौसाबाई पदराआड हसली.

आता ट्रान्सप्लांटचा पेशंट आला, की घरात थोरलं कोण, हे मी विचारत नाही. किडनी कुणाची, ते विचारतो आणि आधी त्या माणसाशी बोलतो.