पास्डच्या पुढचा शब्द

रुग्णालयाच्या तळघरातल्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणत. नवरा परदेशात, जहाजं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात वेल्डर. घरी ती आणि सासूबाई. इंग्रजी तिला कानावर पडून आलं होतं तेवढंच. वॉर्डातून एखादी चादर वेगळ्या पिशवीत खाली आली की वॉर्डबॉय सांगायचा, "पेशंट पास्ड अवे." त्यामुळे 'पास्ड'चा अर्थ तिच्या लेखी एकच.

एकदा सुट्टीच्या दुपारी फोन आला. कारखान्याचा सुपरवायझर भरभर इंग्रजीत बोलत होता. नवऱ्याचं नाव, मग 'पास्ड', मग खरखर, आणि फोन बंद.

ती ओट्याला धरून उभी राहिली.

"कुणाचा गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"राँग नंबर."

सासूबाईंचं काळीज नाजूक, खात्रीशिवाय सांगायचं कसं? परत फोन लावायला हात धजेना. लावला नाही तोवर तो आहे, असं काहीतरी मनात होतं. चपला अडकवून ती तडक रुग्णालयात गेली आणि ओळखीच्या सिस्टरला कसंबसं सगळं सांगितलं.

"पास्डच्या पुढे काय म्हणाला? अवे की आऊट?"

"ते नीट ऐकूच आलं नाही. त्याने काय फरक पडतो?"

"अगं, जमीन-अस्मानाचा. अवे म्हणजे गेला. आऊट म्हणजे बेशुद्ध पडला."

आता तर वहिनीला जास्तच धडकी भरली. मघाशी सगळं संपलं होतं, आता ऐकायचं बाकी होतं. सिस्टरने फोन लावला. ती नुसतं "येस, येस" करत होती, चेहऱ्यावरून काही कळेना. वहिनीने भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.

"आऊट," सिस्टर म्हणाली. "जहाजाच्या टाकीत वेल्डिंग करताना धूर कोंडला. शुद्धीवर आलाय, पण दवाखान्यात आहे."

संध्याकाळी नवऱ्याचा बसलेला आवाज ऐकू आला. "एवढं काय घाबरायचं? जरा चक्कर आली."

"पुढच्या वेळी फोन आपल्या भाषेत येऊ दे," ती म्हणाली.

बरा होऊन तो पुन्हा त्याच कामावर गेला. कायमचा परत येईपर्यंत फोन वाजला की वहिनी हातातलं काम टाकून धावायची. पलीकडून इंग्रजी आलं तर "स्लो, प्लीज" म्हणून ती वाक्य संपेपर्यंत श्वास रोखून धरायची.