ओढ्याकाठी सहा बेड

टेम्पोतून सहावा लोखंडी बेड खाली उतरला, तशी गंगाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सायेब, मोरीच्या पायपा कुठं हायत्या?"

"कसल्या पायपा, आक्का?"

"आवो, ओढ्यावरच्या मोरीच्या! तुमीच सभेत हौदु म्हणलासा की!"

मी घाईघाईनं सभेची वही चाळली; तिच्यात मोरी कुठंच नव्हती.

मी कर्नाटकातल्या निपाणीकडच्या माळावर पवनचक्क्या चालवणाऱ्या कंपनीत कम्युनिटी ऑफिसर आहे. म्हणजे कंपनी आणि गाव यांच्यामध्ये उभं राहून दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस. पवनचक्क्यांच्या कमाईतला थोडा वाटा गावासाठी ठेवलेला असतो. त्याला कम्युनिटी फंड म्हणतात. तो कशावर खर्च करायचा ते गावाला विचारूनच ठरवायचं, असा नियम आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. इंटरव्ह्यूत मॅनेजरसाहेबांनी विचारलं होतं, "कन्नड येतं?" मी रुबाबात "हौदु" म्हणालो होतो. हौदु म्हणजे हो. बाकीचं येईल हळूहळू, असा हिशेब.

गावातल्या सभेला साहेब स्वतः आले, तेव्हा मी मुद्दाम कन्नडमध्येच सुरुवात केली. ओपन जिमची कल्पना माझी. रात्री पाठ केलेला प्रश्न ठोकून दिला, "ऊरिगे ओपन जिम बेका?" गावाला ओपन जिम हवी का?

बायका एकसुरात म्हणाल्या, "बेड!"

त्यांच्या मागंच आरोग्य उपकेंद्र होतं. मी लगेच वहीत लिहिलं : 'उपकेंद्राला बेड.' मग गंगाक्का उठली आणि कन्नडमध्ये बरंच काही बोलली. मला एकच शब्द पकडता आला, सोसी. तो मी 'बहुधा सोसायटी' असा टिपला. साहेब बघत होते, म्हणून मी मान डोलावून दोनतीनदा हौदु म्हणालो.

साहेब खूश. "आरोग्य! छान. फोटोही चांगला येईल." ऑर्डर गेली.

आता ते बेड ओढ्याकाठच्या धुळीत उभे होते, कारण ओढ्यावर मोरीएवढाही पूल नव्हता आणि भरलेला टेम्पो दगडगोट्यांतून पलीकडं गावात जाईना. आणि भोवती बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"बेड म्हंजे नको वो, सायेब!" एकजण म्हणाली. "दिसभर रानात तण भांगलून आल्यावर तुमच्या जिममदी झोकं घ्यायचं व्हय?"

मी 'हवं'चा शब्द पाठ केला होता. 'नको'चा शिकायचं सुचलंच नव्हतं.

"पण तुम्हाला एवढं चांगलं मराठी येतं, मग मराठीत का नाही सांगितलं?"

"तुमी कानडीत इचारलासा. आमाला वाटलं, सायबाला मराठी येत न्हाय."

गंगाक्का मात्र हसत नव्हती. सोसी म्हणजे सून, हे तिनंच सांगितलं. "पोटुशी हाय. श्रावणात दिस भरत्यात. ओढ्याला पाणी आलं की अँब्युलन्स ह्याच काठाला थांबती. तिचं पैलं तसंच गेलं. आता काय, बेडवर घालून न्यायची पल्याड?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"मिनिट्समध्ये तर गावानं बेड मागितलेत," साहेब म्हणाले. मिनिट्स म्हणजे सभेत कोण काय बोललं त्याची नोंद. ती मीच लिहिली होती.

"गावानं मोरी मागितली, सर. मी बेड ऐकलं."

"तुला कन्नड येतं म्हणालास ना?"

"एक शब्द येत होता, सर. तो बोललो."

पलीकडं साहेबांनी मिनिट्सची फाइल मिटल्याचा आवाज आला. मग, "सभा परत घे. या वेळी मराठीत."

दुसऱ्या सभेत मराठी मी बोललो आणि कन्नड अंगणवाडीच्या बाईंनी सांभाळलं. मोरीवर एकमत झालं. दुकानदारानं कुरकुरत बेड परत नेले. पाइप पडले, वर काँक्रीट झालं. श्रावणात ओढा फुगला, पण अँब्युलन्स थेट गंगाक्काच्या दारात गेली. सुनेला मुलगी झाली. बाळबाळंतीण खुशाल.

हल्ली सभेत मला काही समजलं नाही की मी हात वर करून सांगतो, "कळलं नाही, परत सांगा." आधी वाटायचं, अशानं नोकरी जाईल. अजून गेलेली नाही.