मॅटचे खिळे

चूक माझी होती. त्या दिवशी मॅटचे खिळे मी ठोकले होते आणि टीमच्या सरांना नाव माझ्या दोस्ताचं सांगितलं. त्याचा गुडघा त्याच्याच हलगर्जीपणानं गेला, असं त्याच्या घरचे आणि आमची सगळी टीम आजवर धरून चालली आहे. म्हणून आधी हे लिहितो.

सांगलीत आम्ही एकाच कॉलेजात होतो. मी पलूसकडचा, घरचा ऊस, दोन चुलते मिलिटरीत. तो आटपाडीच्या माळावरचा, धनगराच्या घरातला. क्रिकेटला आमच्याकडे गवताची टर्फ विकेट कुठली? मुरमाच्या पट्टीवर काथ्याची मॅट ताणायची, कडेनं लांब खिळे ठोकायचे आणि खेळायचं. हे काम तो कुणाला करू देत नसे. बापाबरोबर रानात मेंढरं बसवताना कळपाभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावून तिच्या मेखा ठोकतच तो वाढला होता. मॅटला सुरकुती दिसली की म्हणायचा, "अशी ढिली वाघर लावली असती, तर बापानं मलाच मेंढरांत कोंडलं असतं."

त्या वर्षी आम्हा दोघांची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. मी कॅप्टन, तो सगळ्यात वेगवान बॉलर. विद्यापीठाकडून एक सीझन नीट खेळलास तर फौजेत खेळाडू म्हणून घेतील, असं गावातल्या एका सुभेदारानं त्याला सांगितलं होतं. त्याचं सगळं लक्ष तिकडे होतं.

सामने साताऱ्यात होते. पहिल्या सामन्यात त्यानं समोरच्यांना उभं राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याच्या हातातून हातोडा घेतला. "तू हात राख. आज लांब स्पेल टाकायचाय."

"नीट ठोक रं. कॅप्टन झालास म्हणून खिळे आपोआप आत जात न्हाईत."

एक टोक राहिलं असतानाच टॉसला बोलावलं. उरलेले खिळे एकाआड एक ठोकून मी पळालो.

आमची फिल्डिंग आली. पहिल्याच स्पेलमध्ये बॉल टाकताना त्याचा पुढचा पाय मॅटच्या घडीत अडकला. तो कोसळला तेव्हा गुडघा भलत्याच दिशेला वळला होता. सर धावत आले. "इकडचे खिळे कुणी ठोकलेत?"

"नेहमी तोच ठोकतो, सर," मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतक्या सहज तोंडातून गेलं.

दवाखान्यात सर त्याच्यावर चिडले. "स्वतःच्या हातानं वाटोळं करून घेतलंस!" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्हय सर." मी खाली पाहिलं.

तो पुन्हा खेळला नाही. भरतीच्या मैदानात त्याला पळता आलं नाही. मी मात्र सीझन पुरा केला आणि त्याच जोरावर शिरवळच्या एका कंपनीत, त्यांच्या टीमसाठी, नोकरीला लागलो. दर दिवाळीला फोन त्याचाच यायचा.

या दिवाळीत फोनची वाट न बघता मी आटपाडीला गेलो. तो रानात होता, एक पाय ताठ ठेवून चालत.

"आवं कॅप्टन! वाट चुकला काय?"

दिवस मावळतीला आला होता आणि मेंढरं बसवायची होती. त्यानं वाघरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "ताणून धर." तो खाली बसून मेख ठोकू लागला. बसताना त्याला जमिनीवर हात टेकावा लागला.

"दवाखान्यात तू बोलला का नाहीस?" मी विचारलं.

तो ठोकत राहिला. "दुसऱ्या दिवशी मॅच हुती. तुला काढलं असतं, तर टीमचं काय? आन् मला वाटलं, तू सांगशील. आज न्हाई तर उद्या." मग हसून म्हणाला, "लय लांबला गड्या तुझा उद्या. सोड आता, च्या घेऊ."

जाळी हातात तशीच धरून मी म्हणालो, "सोडू नको. खिळे मी अर्धे ठोकले आणि नाव तुझं सांगितलं. तुझं खेळणं माझ्यामुळं गेलं, फौजही गेली. हे मी तुझ्या घरच्यांनाही आजच सांगणार आहे. माझं चुकलं. मला माफ कर."