कडेशी पसरलेले हात

नातीच्या पायांना बळ येण्यास उड्या मारणे हितकर, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मुलाने परसात ट्रॅम्पोलिन आणले. ते बसवून देण्यास दुकानातून जो गृहस्थ आला, त्याचे कान तालमीत चुरगळलेले होते. जोडणी संपताच त्याने भोवतालच्या फरश्या उचलल्या, खालची माती आखाड्यासारखी भुसभुशीत केली आणि चिमूटभर कपाळी लावली.

"एका वेळी एकच पोर," त्याने बजावले.

नात उडू लागली. मी डोळे मिटून नामस्मरण आरंभिले. पण प्रत्येक झेपेसरशी नामही ओठांत अडखळे. डोळे उघडले, तर तो तिच्याकडे पाहतच नव्हता. ती जिथून पडू शकेल, त्या कडेवर दृष्टी रोखून, हात पसरून तो तिच्यासवे सरकत होता.

"मला हे पाहवत नाही, मी आत जातो," मी म्हणालो.

"का वो आजोबा, भ्या वाटतंय?"

"फार."

"मग हितंच उभारा की! मला बी वाटतंय. ज्याला भ्या वाटत न्हाय, त्याला हितं उभा करू नगासा."

तो पुन्हा कधी दिसला नाही. नात उडते, तेव्हा नामस्मरण आजही चालते. डोळे मात्र मी मिटत नाही. हात पसरून कडेशी उभा राहतो.